घरी उडते, मैदानात अडते

"ताई, माझी घोडी आठ वर्षांची आहे आणि दोन वर्षांपासून मीच तिच्यावर बसते. आमच्या रिंगणात ती एक मीटर दहाचे अडथळे न शिवता पार करते. पहिल्या स्पर्धेत एक मीटरच्या वर्गात उतरलो, तर तिसऱ्याच अडथळ्याला दोनदा अडली आणि आम्ही बाद. दुसऱ्या स्पर्धेत डबलच्या (लागोपाठच्या जोड अडथळ्याच्या) पुढे दोनदा अडली, पुन्हा बाद. दोन्ही अडथळे मैदानाच्या लांबच्या टोकाला होते, म्हणून मला वाटलं उन्हामुळे असेल. मी घाबरत नाही. अडथळा जवळ आला की मी तिला नीट सावरून धरते, तरीही असं होतं. आमचे सर म्हणतात रोज उडव, उंची वाढव. मैत्रीण म्हणते कडक बिट (लगामाची तोंडातली कडी) घाल. पुढची स्पर्धा सात आठवड्यांवर आहे. खरं सांगायचं तर मी घाबरत नाही, पण घोडी बदलावी का असं मनात येतं."
– स्पर्धेत अडलेली

प्रिय अडलेली,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा घोडीसाठी आणि दुसऱ्यांदा तुझ्यासाठी. अडथळ्यांबद्दल तू भरपूर लिहिलंस: उंची, क्रमांक, कुठे होते, उन्हाचा संशय. दोन अडथळ्यांच्या मधे काय होतं, तिचा कँटर (मधल्या वेगाची दौड) कसा असतो, वळणावर ती कशी येते, यावर मात्र एक ओळ नाही. घोडं नेमकं इथेच पेंड खातंय.

त्याआधी एक काम उरकून घे. पशुवैद्याला बोलाव आणि पाठ, पाय, दात सगळं तपासून घे. खोगीर नीट बसतंय का, हेही जाणत्या माणसाकडून पाहून घे. दोन वर्षांत घोडीची पाठ बदलते, खोगीर मात्र तेच राहतं. घरी ती उडते म्हणून दुखत नसेल, असं समजू नकोस. घरची जमीन मऊ आणि स्पर्धेची टणक असेल, तर पुढच्या पायातलं बारीकसं दुखणं तिथेच बाहेर येतं. नालबंदाचंही आत्ताच ठरव. नाल स्पर्धेच्या आठवडा-दहा दिवस आधी बदललेले असावेत, आदल्या दिवशी नाही. खिळा जरा आत गेला असेल तर ते कळायला आणि निस्तरायला वेळ हाताशी लागतो.

आता मूळ प्रश्न. घरी ती एक मीटर दहा उडते, ही गोष्ट तू समजतेस तेवढी मोठी नाही. घरचे अडथळे तिला पाठ आहेत. तेच पोल (अडथळ्याचे आडवे दांडे), तीच भिंत, तोच कोपरा, आणि बाजूला ओळखीच्या घोड्यांचा वास. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात, त्यामुळे त्याला भोवतालचं जवळपास सगळं दिसतं. दिसत नाही ते शेपटीमागचं आणि कपाळाच्या अगदी पुढ्यातलं. म्हणजे पाय उचलण्याच्या क्षणी तो अडथळा त्याला दिसतच नसतो. काही ढांगा आधी जे पाहिलं, त्याच्या भरवशावर तो उडतो. रंगही त्याला आपल्यासारखे दिसत नाहीत. निळा आणि पिवळा नीट कळतो, लाल-हिरव्यात गोंधळ होतो. हिरवळीवर मांडलेला लाल अडथळा तुझ्या डोळ्यांत भरतो, तिला तो तितका उठून दिसत नसेल. अशा जनावराला अनोळखी मैदानात, अनोळखी रंगाच्या फळ्यांपुढे नेलं, तर नीट पाहून घ्यायला त्याला दोन-चार ढांगांची मोकळीक हवी असते. डोकं वर-खाली करून ते अंतराचा अंदाज घेतं.

आणि नेमक्या त्याच वेळी तू तिला "सावरून धरतेस".

हे तुझ्या एकटीचं नाही. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचे कसलेले स्वारही उडीच्या वेळी मागे झुकायचे आणि लगाम ओढून धरायचे. पाय लांब सोडून, घोड्याचं तोंड आवळून. फेदेरिको काप्रिल्ली नावाच्या एका इटालियन घोडदळ अधिकाऱ्याने (१८६८–१९०७) मोकळे घोडे कसे उडतात ते बारकाईने पाहिलं. त्याला दिसलं की स्वार पाठीवर नसला की घोडा मान लांब करून, पाठ गोल करून उडतो. मग त्याने स्वारालाच घोड्यासोबत पुढे झुकायला लावलं, रिकीब आखूड करायला लावली आणि हात सैल सोडायला लावले. आज आपण सगळे तशीच मांड घालतो. पण भीती वाटली की अंगातला जुना स्वार जागा होतो: हात मागे, खांदे मागे, श्वास बंद. घोडीच्या दृष्टीने याचा अर्थ एकच, "थांब". ती थांबली. तिने तुझं ऐकलं.

भीतीचा विषय निघालाच आहे तर सांगते. "मी घाबरत नाही" हे वाक्य एवढ्याशा पत्रात दोनदा आलंय. कुणी विचारलं नव्हतं. दोनदा सगळ्यांसमोर बाद झाल्यावर पोटात गोळा आला नाही, तरच मला काळजी वाटली असती. ते कबूल कर, निदान सरांपाशी. कारण ते म्हणतात तसं उंची वाढवणं हा शूर मुलीसाठीचा इलाज आहे, आणि या घडीला तुला तो लागू नाही.

उंचीबद्दल माझं मत स्पष्ट आहे. पुढच्या स्पर्धेत तू ऐंशी सेंटिमीटरच्या वर्गात उतर. फार तर नव्वद. नाक मुरडू नकोस. स्पर्धेतली उंची घरच्या उंचीपेक्षा वीस-तीस सेंटिमीटर कमीच असावी, कारण उरलेली ताकद नवी जागा, गर्दी, लाउडस्पीकर आणि तुझी धडधड पेलण्यात जाते. बुजरी घोडी ऐंशीचा अडथळा अगदी जागेवरूनही टाकू शकते. एक मीटरला तसं जमत नाही, मग ती अडते.

रोज उडवू नकोस. आठवड्यातून दोनदा, तेही एकदा छोट्या अडथळ्यांवर आणि एकदा जरा पूर्ण कोर्ससारखं (सगळे अडथळे ओळीने), एवढं पुरे. घोड्याचा दम काही आठवड्यांत वाढतो, स्नायूही लवकर घडतात. कंडरा (स्नायू हाडांना जोडणारे दोर) आणि हाडं मात्र फार सावकाश तयार होतात, त्यांना महिने लागतात. घोडी दमत नाही म्हणून आणखी दहा उड्या मारून घेणाऱ्यांचे घोडे पुढच्या पायाची कंडरा दुखावून घरी बसतात. बाकीच्या दिवसांपैकी एक दिवस चढाची लांब रपेट ठेव, दोन दिवस सपाटीवरचं काम (अडथळ्यांशिवायचा सराव), एक दिवस नुसतं चालणं आणि एक दिवस सुट्टी.

सपाटीवरच्या कामालाच खरं महत्त्व आहे, म्हणून त्यावर जरा सविस्तर लिहिते. एक हिशेब करून बघ. चारशे मीटरचा कोर्स मिनिटाला साडेतीनशे मीटरच्या वेगाने गेलं तर साधारण ६९ सेकंदांत होतो. त्यात दहा-बारा उड्या धरल्या तरी हवेत जाणारा वेळ मिळून काही सेकंदांचाच. बाकी सगळा वेळ तू कँटर करत असतेस. म्हणजे ही स्पर्धा कँटरची आहे, अडथळे त्याच्या मधे येतात. घरी तू त्या काही सेकंदांचा सराव केलास आणि मिनिटभराचा सोडून दिलास.

जमिनीवर दोन पोल ठेव, १८ मीटर अंतरावर. त्यांच्या मधे चार ढांगा बसतात. चारच घेऊन ये. मग त्याच अंतरात पाच घेऊन ये, कँटर न तोडता, नुसती ढांग आखूड करून. मग पुन्हा चार. मोठ्याने मोज: एक, दोन, तीन, चार. मोजताना श्वास रोखता येत नाही, म्हणून मोठ्याने. ही अदलाबदल हात न ओढता, बुडाने आणि पायाने जमायला लागली, की अडथळ्यापुढे सावरून धरायची गरजच उरत नाही. सावरायचं ते वळणावर सावरून झालेलं असतं. वळण संपलं की हात शांत, पोटऱ्या लागलेल्या आणि नजर अडथळ्याच्या पलीकडे. तू अडथळ्याच्या बुडाशी बघत असशील अशी माझी खात्री आहे. तिकडे बघितलं की शरीर तिकडेच झुकतं आणि घोडीच्या खांद्यावर भार पडतो.

दोन-तीन आठवडे एवढंच केलंस तरी पहिल्यांदा तुला कंटाळा येईल आणि मग घोडी वेगळी वाटायला लागेल. मग त्याच अंतरावर साठ-सत्तर सेंटिमीटरचे अडथळे मांड. उंची वाढवायची हौस आली तर त्याऐवजी रूप बदल: खाली ताडपत्री घाल, फळी लाव, फुलांच्या कुंड्या ठेव, पोलावर जुना कोट टाक, रंगवलेले डबे मांड. दर वेळी काहीतरी नवीन, पण इतकं बुटकं की अडून बघायलाही तिला लाज वाटावी. नव्या गोष्टीपुढे गेलं की काही वाईट होत नाही, ही खूणगाठ तिच्या मनात बसायला हवी. आणि शक्य झालं तर दुसऱ्यांच्या रिंगणात जा. मधल्या काळात एखादी स्पर्धा असेल तर तिला नुसती घेऊन जा, नाव न देता. खरारा कर, फिरव, चरू दे, लाउडस्पीकर ऐकू दे, परत आण. असा एक दिवस घरच्या पन्नास उड्यांइतका कामाला येतो.

आता ते लांबचं टोक. ऊन असेलही, पण मला दुसरीच शंका आहे. जिकडे बाकीचे घोडे आणि बाहेरचं दार असतं, तिकडे घोडे आपसूक लांब ढांगा टाकत पळतात. दाराकडे पाठ झाली की ढांग आखडते, मन मागे राहतं. तुझे दोन्ही नकार दारापासून दूर जाताना आले. म्हणजे ती तिकडे आधीच रेंगाळत होती, आणि वर तू धरलंस. कोर्स पायी चालताना आधी दार कुठे आहे ते बघ. दारापासून दूर जाणाऱ्या प्रत्येक रेषेवर पायाने आधीपासून पुढे काढ, दाराकडे येणाऱ्या रेषेवर थांबून राहा. जमिनीचा चढ-उतारही असाच मोज: चढावर ढांग आखडते, उतारावर लांबते.

कोर्स चालण्याचा हिशेब तुला कुणी दिलाय का ते पत्रातून कळलं नाही, म्हणून लिहिते. आरशासमोर नाही, मोजपट्टी जमिनीवर पसरून, तुझं पाऊल बरोबर नव्वद सेंटिमीटरचं बसव. घोड्याची एक ढांग म्हणजे तुझी चार पावलं, साधारण तीन मीटर साठ. अडथळ्यानंतर उतरायला दोन पावलं सोड, पुढच्या अडथळ्याआधी उडायला दोन सोड, मधली पावलं चाराने भाग. वीस पावलं आली तर चार ढांगा, चोवीस आली तर पाच. ऐंशीच्या वर्गात घोडी इतकी लांब उतरत नाही, म्हणून आकडा डोक्यात ठेव, पण त्याच्या मागे धावू नकोस. बाकीचे स्वार सरळ रेषेत अडथळ्यापासून अडथळ्यापर्यंत चालतात. तू मात्र घोडी जिथून जाणार त्याच वाटेने चाल, वळणंसुद्धा. शेवटी दाराशी उभी राहून डोळे मीट आणि पूर्ण कोर्स मनात एकदा म्हणून बघ, नुसत्या क्रमांकांनी नाही, वळणांसकट.

कडक बिटाबद्दल: नाही. तिच्या तोंडात आधीच तुझे हात जास्त आहेत. आणि उडी वाढावी म्हणून पायाला पोल मारून घ्यायची युक्ती कुणी सुचवली, तर त्या माणसापासून घोडी लांब बांध. ती क्रूर आहे आणि नियमात बसत नाही.

प्रवासाच्या दिवसाचं थोडक्यात. घोडा दिवसाला पंचवीस ते पंचेचाळीस लिटर पाणी पितो आणि परक्या जागेचं पाणी कित्येकदा नाकारतो. घरचं पाणी सोबत ने, किंवा आठवडाभर आधीपासून पाण्यात एखादी सौम्य चव मिसळायची सवय लाव आणि तिथेही तीच चव दे. चंदी उडीच्या तीन-चार तास आधी संपलेली असावी. वैरण मात्र थोडी थोडी चालू ठेव, कारण घोड्याच्या पोटात आम्ल सतत पाझरत असतं आणि रिकामं पोट त्याला सोसत नाही. गाडीत मान उंच बांधून तासन्‌तास नेऊ नकोस. मधे थांबून डोकं खाली घेऊ दे, नाहीतर छातीचे आजार होतात. घरी तिचं तापमान आठवडाभर मोजून ठेव (साधारण ३७.५ ते ३८.५ अंश सेल्सिअस असतं), म्हणजे तिथे काही बिघडलं तर कळेल. तिच्या मोतद्दाराला हे सगळं कागदावर लिहून दे. त्या दिवशी तुझ्या लक्षात काही राहणार नाही.

वॉर्म-अपमध्ये माणसं स्पर्धा हरतात. हे स्वानुभवातून सांगते. माझ्या एका चांगल्या घोड्याला मी आत जाण्याआधी बाहेरच वीस-बावीस उड्या मारायला लावल्या होत्या. एक पोल पडला म्हणून पुन्हा, तो चांगला गेला म्हणून आणखी एक, मग उंची चढवून अजून एक. आत गेल्यावर त्याने पाच पोल पाडले, वीस दोष (दंडाचे गुण). घोड्याची चूक नव्हती, त्याचा दिवस मी बाहेरच संपवला होता. तू वीस-पंचवीस मिनिटं ठेव आणि सहा ते आठ उड्या. आधी फुलीचा छोटा अडथळा, मग व्हर्टिकल (उभा, एकेरी अडथळा), मग ऑक्सर (रुंद, दुहेरी अडथळा), शेवटची वर्गाच्या उंचीची, आणि ती बरी गेली की बस. बाहेरच्या अडथळ्यालाही लाल झेंडा उजवीकडे आणि पांढरा डावीकडे ठेवूनच जायचं असतं. उलट बाजूने उडणारे तिथेही लोकांच्या अंगावर येतात. तुझ्या आधी तीन-चार घोडे उरले की उड्या थांबव, पण घोडी चालती ठेव. दारात उभी राहिली तर ती थंडावेल आणि तू विचार करत बसशील.

घंटा झाल्यावर सुरुवातीच्या रेषेपर्यंत ४५ सेकंद मिळतात. घंटेच्या आधी रेषा ओलांडून पहिला अडथळा घेतलास तर बाद, तेवढं सांभाळ. त्या वेळेचा उपयोग कर: आधी कँटरने लांबच्या टोकाला जा, ज्या अडथळ्याची धास्ती वाटते त्याच्या शेजारून जा. थांबून त्याला हुंगायला देणं नियमात बसत नाही, शेजारून जाणं चालतं. मग वळून ये आणि पहिल्या अडथळ्यावर ठाम जा. पहिल्याला रेंगाळणारा कँटर तिसऱ्यापर्यंत सुधारत नाही.

आणि तरीही अडली तर? एका नकाराचे चार दोष, पोल पडण्याइतकेच. आकाश कोसळत नाही. रागाने ओढू नकोस. वळव, पुरेसं लांब जा, चांगला कँटर मिळेपर्यंत जा, मग मोजत ये. डबलच्या दुसऱ्या भागाला अडली तर नियमाने पहिल्यापासून घ्यावं लागतं, तेव्हा घाईत फक्त दुसराच घ्यायला जाऊ नकोस. आणि कँटर अजिबात मिळतच नसेल तर हात वर करून माघार घे, सलाम कर, बाहेर ये. ते कमीपणाचं नाही. १९८४ मध्ये लॉस एंजेलिसच्या ऑलिम्पिकमध्ये फ्रान्सचा जॅप्लू नावाचा घोडा अडथळ्यापुढे अडला, त्याचा स्वार पिएर द्युराँ खाली पडला आणि तोंडावरचं लगामसाज निघालेला घोडा मोकळाच पळत सुटला. सगळ्या जगाने ते पाहिलं. त्याच जोडीने १९८८ मध्ये सोलला वैयक्तिक सुवर्ण जिंकलं. जॅप्लू एक मीटर ५८ म्हणजे बुटकाच होता, म्हणून उंचीवरून घोडा पारखणाऱ्यांची मला जरा मौजच वाटते.

घोडी बदलायचा प्रश्न सात आठवडे बाजूला ठेव. आज तरी तिच्याविरुद्ध पुरावा नाही. सांगितलं ते ऐकणारी घोडी आहे, एवढंच मला तुझ्या पत्रातून दिसतं. स्वतःसाठी मात्र आजपासून एक कर: तिचा चालण्याचा आणि सुट्टीचा दिवस सोडून रोज दहा मिनिटं रिकीब न घेता कँटर, आणि खोगिरावरून बूड उचलून मांडीच्या जोरावर दोन-तीन मिनिटं न डळमळता राहायचा सराव. तुझी मांड पक्की असेल तर हातांना तोल सांभाळायचं काम पडणार नाही.

सरांना उंचीचं तूच सांग, माझ्या नावावर खपवू नकोस. पशुवैद्य येऊन गेले की ते काय म्हणाले ते मला कळव. पाठीत किंवा पायात काही निघालं तर वर लिहिलेलं सगळं बाजूला ठेवायचं, ऐंशीचा वर्गसुद्धा, आणि ते म्हणतील तितके दिवस तिला नुसतं चालवायचं.